नाताळची सजावट घरच्या घरी: कामट्यांचा तारा, गोठा आणि झाडावरचे दागिने

नाताळची सजावट घरी करायची असेल तर कात्रीच्या आधी कॅलेंडर हातात घ्या. शाडूची बोटभर मूर्ती नीट वाळायला दहा-बारा दिवस घेते. मोसंबीची चकती उन्हात तीन-चार दिवस घेते, टोपलीत पेरलेली नाचणी हिरवी व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आणि ताऱ्यावर पतंगी कागद चिकटवायला मात्र एक दुपार पुरते. बहुतेक घरांत हे सगळं २० डिसेंबरनंतर एकदम सुरू होतं. मग माती ओली राहते, रंग हाताला लागतो, आणि शेवटी कुणीतरी बाजारात जाऊन प्लास्टिकच्या गोळ्यांचं पाकीट घेऊन येतं.

चर्चच्या वर्षात यावर उत्तर आहेच. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो, आणि तिथून नाताळपर्यंत चार रविवार मिळतात. हे चार आठवडे तयारीसाठीच आहेत. आमच्या वसईच्या बाजूला भाताची कापणी तोवर उरकलेली असते, अंगणात पेंढा असतो, दिवाळीच्या कंदिलाचे उरलेले कागद माळ्यावर असतात आणि करंज्यांची कातण अजून वरच्याच डब्यात असते. म्हणजे निम्मं सामान घरातच आहे. जे वाळायला सर्वांत जास्त वेळ घेतं ते आधी, या क्रमाने मी पुढे सगळं सांगते आहे. कामही त्याच क्रमाने करा.

आधी एक वाडगं खळ

पुढच्या निम्म्या कामांना खळ लागते, म्हणून ती कशी करायची ते पाहू. दोन चमचे मैदा अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा. दीड वाटी पाणी उकळत ठेवा, त्यात हे मिश्रण ढवळत ओता आणि मंद आचेवर ते पारदर्शक दिसू लागेपर्यंत शिजवा. साधारण तीन-चार मिनिटं लागतात. शेवटी चिमूटभर तुरटीची पूड घातली की खळ लवकर आंबत नाही. पुस्तकं बांधणारे कारागीर किडे लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे, मुलं काम करणार असतील तर घरात आणूच नका. ही खळ फ्रिजमध्ये चार दिवस राहते. पातळ कागदाला ती फेव्हिकॉलपेक्षा चांगली, कारण फेव्हिकॉल वाळला की पतंगी कागद कडक होतो आणि दिवा लागल्यावर डाग उठून दिसतात.

नोव्हेंबरअखेर: शाडूच्या मूर्ती

गोठ्यातल्या, म्हणजे ख्रिस्तजन्माच्या देखाव्यातल्या मूर्ती घरी करता येतात हे अनेकांना पटत नाही, पण ज्या महाराष्ट्रात घरोघरी मुलं शाडूचा गणपती करतात तिथे हे अवघड असायचं कारण नाही. दोन किलो शाडूत सात-आठ लहान मूर्ती आरामात होतात.

उंची १० ते १२ सेंटिमीटर ठेवा. भरीव मूर्ती वाळताना तडकते, कारण बाहेरची माती आकसते आणि आतली ओलीच असते. म्हणून अंग पोकळ करायचं. वर्तमानपत्राचा घट्ट शंकू वळा, त्यावर पाच मिलिमीटर जाडीची मातीची पोळी गुंडाळा आणि सांधा ओल्या बोटाने मिटवा. तीन-चार तासांनी माती बोटाने दाबली जात नाही इतपत आवळली की शंकू पिळून बाहेर काढा. तो आत राहिला तर माती आकसताना त्याच्यावर ताणली जाऊन फाटेल. डोकं म्हणजे सुपारीएवढी गोळी. जोडायच्या दोन्ही जागांवर काडीने रेघोट्या मारा, मध्ये पातळ कालवलेली माती लावा आणि टूथपिक खोचून बसवा. नुसतं दाबून बसवलेलं डोकं वाळल्यावर गळून पडतं.

हात वेगळे करू नका. अंगावरून घेतलेल्या शालीची एक पट्टी पुढे वळवली की हात आतमध्ये आहेत असं आपोआप वाटतं. मरिया गुडघ्यावर बसलेली, योसेफ उभा, हातात काडीची काठी. मेंढपाळाला खांद्यावर घोंगडी आणि डोक्याला मुंडासं घालून बघा. बेथलेहेमच्या रानातल्या त्या रात्रीच्या राखणदारांना आपल्या धनगराचा वेष मुळीच परका वाटत नाही. बाळ चार सेंटिमीटरचं पुरे, कापडात गुंडाळलेलं.

पहिला दिवस मूर्तींवर ओलसर फडकं टाका, म्हणजे वरचा थर घाईने वाळणार नाही. नंतर फडकं काढून सावलीत ठेवा. ऊन लागू देऊ नका. दहा-बारा दिवसांनी मूर्ती गालाला लावून पाहा, गार लागली तर आत ओल आहे. कोरडी झाली की पोस्टर रंग लावा. गेरू, हळदीचा पिवळा आणि चुन्याचा पांढरा एवढे तीनच रंग वापरून केलेल्या मूर्ती मला सगळ्यांत देखण्या वाटतात.

कच्ची शाडू पाण्यात विरघळते हे मात्र लक्षात असू द्या. पुढे गोठ्यात आपण हिरवं धान्य ठेवणार आहोत, त्याला पाणी घालताना मूर्ती बाजूला काढाव्या लागतील.

डिसेंबरचा पहिला आठवडा: झाडावरचे दागिने

मीठ आणि मैद्याच्या कणकेचे दागिने सर्वांना माहीत असतात. मैदा दोन वाट्या, बारीक मीठ एक वाटी, पाणी पाऊण वाटी, दहा मिनिटं मळून पाच मिलिमीटर जाड लाटायचं, आकार कापायचे, आणि १०० ते ११० अंशांवर ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळवायचं. पुणे, नगर, जालना, नागपूर इथल्या कोरड्या हवेत ओव्हन नसला तरी चार-पाच दिवसांच्या उन्हात ते वाळतात, दिवसातून दोनदा उलटायचे एवढंच. घरात कुत्रा असेल तर हे दागिने त्याला मिळणार नाहीत असे उंच टांगा. एवढं मीठ पोटात गेलं तर कुत्र्याच्या जिवावर बेततं.

मुंबई, वसई, कोकण आणि गोव्यात मात्र मी ही कणीक सुचवणार नाही. मीठ हवेतली ओल ओढतं आणि दागिना महिन्याभरात चिकट होतो. किनाऱ्यावरच्या घरांसाठी खायच्या सोड्याची माती जास्त चांगली. सोडा दोन वाट्या, कॉर्नफ्लोअर एक वाटी, पाणी सव्वा वाटी, हे सगळं गार असतानाच कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळा. आधी काहीच होत नाही, मग अचानक घट्ट होऊ लागतं. उकडलेला बटाटा कुस्करल्यासारखं झालं की गॅस बंद करा, ओलं फडकं झाकून गार होऊ द्या आणि मळा. ही माती पांढरीशुभ्र होते, रंग न देताही शोभते. सावलीत एक-दोन दिवसांत वाळते. दुसऱ्या दिवशी उलटून ठेवा, नाहीतर कडा वर वळतात.

आकार कापायला वेगळे साचे विकत आणायची गरज नाही. स्टीलच्या लहान डब्यांची झाकणं, वाटीची कड आणि कातण पुरते. कातणीने चौकोन कापून तो कोपऱ्यावर उभा टांगला की शंकरपाळ्याचा तारा होतो, नक्षीदार कडेसह. टांगायचं भोक माती ओली असतानाच पाडायचं, रिकाम्या रिफिलच्या टोकाने, कडेपासून निदान एक सेंटिमीटर आत. त्याहून जवळ पाडलं तर वाळताना तिथेच चीर जाते. ओल्या मातीवर जुन्या साडीचा जरीकाठ, तुळशीची मंजिरी किंवा नेच्याचं पान दाबून उचललं तर ठसा उमटतो. वाळल्यावर त्या ठशावरून नुसता कोरडा सोनेरी रंगाचा हात फिरवला की नक्षी उठून येते.

फळांच्या चकत्या याच आठवड्यात वाळत घाला. डिसेंबरात बाजारात नागपूरची संत्री भरपूर असतात, म्हणून सगळे संत्रंच घेतात. पण संत्र्याची साल सैल असते आणि मध्ये पोकळी असते, त्यामुळे चकती कापली की फोडी सुटतात. इथे मोसंबीच घ्यायची. तिची साल गराला घट्ट चिकटलेली असते आणि चकती अखंड राहते. धारदार सुरीने पाच मिलिमीटरच्या चकत्या कापा, बिया काढा आणि सुती फडक्यात दाबून रस टिपून घ्या. ओटीजी असेल तर ९० ते १०० अंशांवर जाळीवर मांडून तीन-चार तास, मध्ये दोनदा उलटून. उन्हात वाळवणार असाल तर वर मलमल बांधा, संध्याकाळी आत घ्या, तीन-चार दिवस लागतील. चकती वाकवल्यावर वाकते पण चिकटत नाही, अशी झाली की तयार. खिडकीसमोर टांगल्या की सकाळचं ऊन त्यांतून आरपार येतं, म्हणून झाडापेक्षा मी त्या खिडकीतच लावते. दालचिनीचा तुकडा आणि चक्रफूल त्याच दोऱ्यात ओवलं तर खोलीला वासही येतो.

पेंढ्याचे तारे हा युरोपातल्या शेतकरी घरांतला जुना प्रकार आहे. जर्मनीत आणि स्वीडनमध्ये ते अजूनही होतात, गव्हाच्या काडीचे. गव्हाची काडी मिळाली तर उत्तमच, पण आपल्या भाताच्या पेंढ्यातल्या जाड, सरळ काड्या निवडल्या तरी चालतात. पेरांच्या मधले भाग कापून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, नखाने उभी चीर देऊन उलगडा आणि मध्यम गरम इस्त्रीने सपाट करा. आठ-दहा सेंटिमीटरच्या चार पट्ट्या घ्या. दोन पट्ट्यांची फुली, त्यावर दुसऱ्या दोन पट्ट्यांची फुली, मधल्या जागा सारख्या विभागतील अशी तिरकी. मध्यावर अंगठा दाबून धरा आणि लाल दोरा वरच्या पट्टीवरून, खालच्या पट्टीखालून असा गोल फिरवत आणा. दोन वेढ्यांनंतर मागे गच्च गाठ मारा. टोकं तिरकी कापा. पहिला तारा हातात विस्कटेल, तिसऱ्यापासून बोटांना कळू लागतं.

करवंटीची घंटा करायची तर नारळाच्या तीन डोळ्यांतला मऊ डोळा वापरा. तिथे आयतं भोक पाडता येतं, ड्रिल लागत नाही. करवंटी पॉलिश पेपरने आधी जाड, मग बारीक अशी घासा, खोबरेल तेलाचा हात द्या, भोकातून काथ्याची दोरी ओवून आत सुपारी किंवा लाकडी मणी बांधा.

१० डिसेंबरच्या सुमारास: कामट्यांचा तारा

हे या सगळ्यातलं मुख्य काम. वसईत, मुंबईतल्या ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती लोकांच्या गावठाणांत, गोव्याच्या वाड्यावाड्यांत नाताळचं घर ओळखू येतं ते दारावरच्या ताऱ्याने. दिवाळीचा आकाशकंदील बांधणारे हात तोही बांधू शकतात, सामान तेच आहे. फिलिपिन्समध्ये ‘पारोल’ नावाचा नाताळचा तारा करतात, तोही बांबू आणि कागदाचा, पाच टोकांचा आणि बांधणीला अगदी असाच.

कामट्या बुरुडाकडून घ्या. पुण्यात बुरूड आळी आहे, इतर गावांत टोपल्या विणणारे बुरूड असतात. वाळलेल्या बांबूच्या, सात-आठ मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड कामट्या मागा. गाठी तासून घ्यायला सांगा. ६० सेंटिमीटरच्या दहा आणि १२ सेंटिमीटरच्या पाच हव्यात, वर दोन-तीन जास्त. शिवाय पक्का सुती दोरा, बारीक सुतळी आणि पतंगी कागद. कागद मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर हव्या त्या रंगात मिळतो.

आता मोजमाप, कारण तारा वाकडा होतो तो इथेच. प्रत्येक ६० सेंटिमीटरच्या कामटीवर दोन्ही टोकांपासून २३ सेंटिमीटरवर पेन्सिलची खूण करा. मध्ये १४ सेंटिमीटर उरतात. पाच टोकांच्या ताऱ्यात कामट्या एकमेकींना ज्या जागी छेदतात त्या या खुणा. मोठा तारा करायचा असेल तर कामटीच्या लांबीला ०.३८ ने गुणा, खूण मिळते. ९० सेंटिमीटरच्या कामटीला ती ३४ वर येते.

शाळेत हात न उचलता पाच रेघांची चांदणी काढायचो, कामट्या त्याच क्रमाने जमिनीवर मांडा. टोकाला टोक ठेवून दोऱ्याने सैलसर बांधा. आता आतल्या पाच छेदांवर दोन्ही कामट्यांच्या खुणा एकमेकींवर आणा. जाता-येता एक कामटी वरून, पुढची खालून घेतली की चौकट स्वतःच घट्ट होते. मग शेजारशेजारच्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. पाचही ठिकाणी ते ३७ सेंटिमीटर यायला हवं. एखाद्या ठिकाणी कमी-जास्त असेल तर आत्ताच सरकवा, नंतर सुधारता येत नाही. सगळं जुळल्यावर पाच टोकं आणि पाच छेद दोऱ्याने फुलीच्या गाठीने आवळा. अशाच दोन चौकटी करा.

दोन्ही चौकटी एकावर एक ठेवा आणि फक्त पाच टोकं सुतळीने एकत्र बांधा. आतले छेद एकमेकांना बांधायचे नाहीत. आता १२ सेंटिमीटरच्या पाच काड्या घ्या, त्यांच्या दोन्ही टोकांना चाकूने छोटी खाच करा. वरची चौकट हलके उचलून, समोरासमोरच्या छेदांमध्ये काडी उभी बसवा, खाच छेदावर टेकेल अशी. एक बसवली की लगेच शेजारची नको, एक सोडून पुढची बसवा म्हणजे ताण सारखा पसरतो. कामटी कुरकुरली तर थांबा, त्या जागेवर ओलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा. तरीही ताण वाटला तर पाचही काड्या १० सेंटिमीटरच्या करा, तारा थोडा चपटा होईल इतकंच. पाचही बसल्या की प्रत्येकीचं वरचं आणि खालचं टोक दोऱ्याने बांधा. तारा पोटातून फुगतो, आणि हा क्षण मुलांना दाखवायलाच हवा.

कागद लावताना आधी बाजू. प्रत्येक पाकळीला दोन बाजू म्हणजे एकूण दहा त्रिकोण, दोन भुजा साधारण २३ सेंटिमीटर आणि पाया १२. सगळीकडे दीड सेंटिमीटर मुडपायला जादा ठेवा. एकदा चौकटीवर वर्तमानपत्र धरून नमुना कापून बघा, मग दहाही एकदम कापा. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. कागदाला लावली तर तो ओला होऊन सुरकुततो. मग पुढची बाजू: मधला पंचकोन आणि पाच पाकळ्या वेगवेगळ्या कापून लावल्या तर दोन रंग वापरता येतात. मागची बाजू तशीच, फक्त पंचकोनाची एकच कड चिकटवा, बाकी चार मोकळ्या. ते दिव्याचं दार.

रंगांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. बाजूंना पांढरा कागद लावा आणि पुढे एक गडद रंग. सगळीकडे गडद रंग लावला की दिवसा तारा सुंदर दिसतो आणि रात्री काळवंडतो, कारण प्रकाश बाहेर यायला जागाच उरत नाही.

खालच्या दोन टोकांना झिरमिळ्या हव्यातच. ३० सेंटिमीटरची कागदाची पट्टी घ्या, वरचे चार सेंटिमीटर सोडून खाली एक-एक सेंटिमीटरच्या चिरा द्या, वरचा भाग काडीभोवती गुंडाळून खळीने बंद करा.

आत तीन ते पाच वॅटचा एलईडी दिवा लावा. जुना पिवळा साठ वॅटचा दिवा कागदाच्या ताऱ्यात कधीही नको, तो कागद तापवून पेटवू शकतो. वायर वरच्या टोकाच्या सुतळीला बांधा म्हणजे होल्डरवर वजन येत नाही, आणि दिवा चारही बाजूंच्या कागदापासून लांब, बरोबर पोटात लोंबेल असं पाहा. डिसेंबरात पाऊस नसला तरी किनाऱ्यावर पहाटे दव पडतं आणि खळ सुटते. तारा पडवीत किंवा पागोळीच्या आत टांगा. झाडावर किंवा गच्चीवर उघड्यावर लावायचा असेल तर पतंगी कागदाऐवजी रंगीत जिलेटिन घ्या आणि ते फेव्हिकॉलने नव्हे, रबरी चिकटद्रव्याने लावा.

१४-१५ डिसेंबर: गोठ्यासाठी पेरणी

असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी पहिला गोठा मांडला असं मानतात. खरी गव्हाण, खरा पेंढा, खरा बैल आणि गाढव होतं. ही गोष्ट मला फार जवळची वाटते, कारण लोकांना ओळखीच्या वस्तूंतूनच ख्रिस्तजन्म दाखवायचा ही त्यामागची इच्छा होती. आपल्याकडे भाताचा पेंढा, नाचणी, शेणाने सारवलेली जमीन आहे. थर्माकोलचा डोंगर कशाला? शिवाय २०१८ पासून महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे.

गोव्यात गोठ्यातल्या हिरवळीसाठी नाचणी पेरतात. घटस्थापनेला पेरलेलं धान्य दसऱ्यापर्यंत किती वाढतं हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. नाचणी रात्रभर भिजवा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात एक दिवस बांधून ठेवा. पसरट ताटलीत किंवा जुन्या ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर माती पसरा, त्यावर मोडाची नाचणी दाट पेरा, वरून चाळलेली माती भुरभुरा. पहिले तीन दिवस अंधारात, मग खिडकीत. पाणी हाताने शिंपडा, ओतू नका, दाणे एका बाजूला वाहत जातात. नाचणीचं गवत बारीक आणि आखूड राहतं, मूर्तींच्या मापाला ते शोभतं. गहू पेरला तर तो त्याच दिवसांत वीतभर होतो आणि मेंढ्या त्यात बुडून जातात, म्हणून गहू मागच्या कडेला.

गोठ्याची चौकट खोक्याची करा, छपराला पेंढा शिवा. डोंगरासाठी गोणपाट घ्या, चिकणमाती आणि थोडी खळ पाण्यात दाट कालवून त्यात बुडवा, आणि उलटी ठेवलेली भांडी, डबे, विटा यांच्यावर टाका. दोन दिवसांत ते त्या आकारात कडक होतं, मग खालचे डबे काढून घ्या. वरून तांबडी माती, कोळशाची पूड, कुठे वाळलेलं शेवाळ. आरशाचा तुकडा ठेवून तळं करतात, त्याची धार वाळूने झाकली तरच ते तळं दिसतं.

गव्हाण रिकामी ठेवा. बाळ २४ तारखेच्या रात्री ठेवायचं, घरातल्या सर्वांत लहान हातांनी. बाळाच्या दर्शनाला येणारे तीन राजे खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर किंवा खिडकीत उभे करा आणि रोज थोडे पुढे सरकवा. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, ते गोठ्यापर्यंत पोचतात. गोव्यात तो दिवस रेइश मागुश, चांदोर आणि कांसावली इथे थाटात साजरा होतो, तोपर्यंत घरची सजावटही काढत नाहीत.

२० डिसेंबरनंतर: झाड

कोकणपट्टीत आणि गोव्यात सुरूची फांदी हेच नाताळचं झाड. तिच्या बारीक लोंबत्या काड्या आणि इवलीशी खरबरीत फळं यांना दागिन्यांची फारशी गरजही पडत नाही. किनाऱ्यावरच्या बनातलं झाड तोडू नका, ती बनं वाळू आणि वारा अडवायला लावलेली असतात. वाऱ्याने मोडून पडलेली फांदी घ्या किंवा कुणाच्या बागेतली विचारून आणा. बादलीत आधी मोठे दगड, मग ओली वाळू ठासून भरा आणि बादलीला गोणपाट गुंडाळा. ओल्या वाळूत फांदी आठ-दहा दिवस हिरवी राहते, म्हणूनच ती लवकर आणायची नाही.

सुरू मिळत नसेल, जागाही नसेल, तर भिंतीवर झाड करा. वाळक्या काठ्या ९० सेंटिमीटरपासून प्रत्येकी १५ ने कमी करत १५ पर्यंत, अशा सहा काठ्या कापा आणि दोन बाजूंनी काथ्याच्या दोरीने एकाखाली एक बांधा. वरच्या टोकाला खिळा, एवढंच.

सुरूची फांदी बारीक असते, जड दागिना लावला की वाकते. करवंट्या आणि मातीचे दागिने खोडाजवळ, पेंढ्याचे तारे टोकांना. बर्फासाठी कापूस लावायची चाल आहे. कापसाचे गोळे चिकटवण्यापेक्षा, वस्त्रमाळ करतात तसा कापूस दोन बोटांत ओढत मध्ये-मध्ये पिळ देऊन लांब माळ करा. ज्यांना वस्त्रमाळ येते त्यांना हे एका मिनिटात जमतं, ज्यांना येत नाही त्यांनी शेजारणीकडून शिकून घ्यावं. दिव्यांची माळ आणि कापूस मात्र एकमेकांना लागू देऊ नका.

आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं करायचं असेल तर ते पहिल्या रविवारीच हवं. पेंढा गोल वळून सुतळीने बांधा, त्यात दर आठवड्याला ताजी पानं खोचा. तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची एक गुलाबी. पेंढा पेट घेतो, म्हणून मेणबत्त्या कड्यात न खोचता मध्ये स्टीलच्या ताटलीत उभ्या करा आणि खोलीत कुणी नसेल तेव्हा विझवा.

६ जानेवारीनंतर काय ठेवायचं, काय टाकायचं

फळांच्या चकत्या आणि नाचणी कुंडीत जाते. पावसाळ्यात चकत्यांना बुरशी येतेच, त्या जपून ठेवण्यात अर्थ नाही. शाडूच्या मूर्ती प्रत्येकी सुती चिंधीत गुंडाळून, सोड्याच्या मातीचे दागिने वर्तमानपत्रात, दोन्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डब्यात औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि झाकणावर चिकटपट्टी फिरवा. डबा माळ्यावर ठेवा, जमिनीवर नको, जून-जुलैत ओल खालून चढते. पेंढ्याचे तारे पुस्तकात सपाट दाबून ठेवले तर चार-पाच वर्षं टिकतात, कडुनिंबाची दोन पानं मध्ये घाला.

ताऱ्याचा कागद ओल्या फडक्याने भिजवला की खळीपासून सुटतो. चौकट पुसून उन्हात वाळवा, सैल झालेल्या गाठी तेव्हाच आवळा. मग पाच उभ्या काड्या काढून चौकट चपटी करा आणि कपाटामागे सरकवा. त्या काड्या चौकटीलाच बांधून ठेवा, आणि कागदाचे कापलेले नमुने एका पाकिटात घालून पाकीटही तिथेच. पुढच्या वर्षी नवा कागद आणि वाडगाभर खळ एवढंच लागेल.